पंच क्रमांक दोन

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत पोलिसांची गाडी येऊन थांबली की पारावरची माणसं एकेक करून उठून जातात. कुणी काही केलेलं नसतं. भीती असते ती पंच म्हणून, म्हणजे पोलिसांच्या कारवाईचा साक्षीदार म्हणून, नाव लागण्याची. एकदा सही केली की काही वर्षांनी समन्स येणार, ऐन पेरणीत कोर्टात जाऊन बसावं लागणार, आरोपीकडची माणसं बाजारात गाठणार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे लहान लेकरांनाही पाठ असतं.

मी सहायक कृषी अधिकारी आहे, आधी या पदाला कृषी सहायक म्हणायचे. तीन म्हाताऱ्या बायकांना मारणाऱ्या माणसाच्या खटल्यात मी पंच होते. गावांची आणि माणसांची नावं देत नाही, कारण ती तिन्ही घरं आजही तिथेच नांदताहेत. पण पंचाचं काम कसं चालतं आणि त्यावर किती काही अवलंबून असतं, हे लिहायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

तिघी सत्तरीच्या आसपासच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. तिघींची गावं वेगळी आणि पोलीस ठाणीही वेगळी. पहिली गेली तेव्हा न्हाणीत पाय घसरून पडली असंच सगळ्यांनी धरलं. डोक्याला खोक पडली होती आणि न्हाणीचा दगड शेजारीच होता. कुणी ठाण्यात कळवलं नाही, शवविच्छेदन झालं नाही, दिवस मावळायच्या आत माती आटोपली. गळ्यातली सोन्याची पोत नाही हे लेकीच्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी. मोठ्या भावाला वाटलं धाकट्याने काढून घेतली, धाकट्याला वाटलं मोठ्याने. त्या घरातलं बोलणं तेव्हा जे बंद पडलं, ते खुनी सापडल्यावरही सुरू झालं नाही.

दुसरी शेतातल्या घरी राहायची. तिथे खुनाचा गुन्हा नोंदला गेला, पण धुऱ्यावरून भांडण असलेल्या पुतण्याकडे सगळ्यांनी बोट दाखवलं. तिसरी आमच्या तालुक्यातली. तिच्या वावरात गुलाबी बोंडअळीसाठी मी कामगंध सापळे लावून आले होते, आणि तिने मला ओट्यावर बसवून ताक दिलं होतं. "पोरी, उनात फिरतं तं डोक्यावर काही घेत जाय," असं म्हणाली होती. त्याच पावसाळ्यात ती गेली.

एकाच माणसाने केलेले खून जोडले जायला वेळ लागतो तो याच कारणाने. प्रत्येक ठाण्यापुढे एकच मयत असते आणि प्रत्येक मयतीला घरातलं किंवा शेजारचं एक कारण चिकटवता येतं. मुंबईत १९६५-६६ मध्ये उघड्यावर झोपणाऱ्या गरिबांवर हल्ले झाले, तेव्हा रमण राघव संशयावरून पोलिसांच्या हातात सापडला होता. त्याला हल्ला करताना पाहिलेलं कुणी नव्हतं, म्हणून सोडावा लागला. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा खून सुरू झाले आणि २७ ऑगस्टला उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून धरलं. मधल्या काळात जे मेले त्यांचा विचार मनात आला की आतून हलायला होतं.

आमच्याकडचा माणूस सापडला तो फवारणीच्या पंपामुळे. तिसऱ्या घराची पाहणी करताना स्थानिक गुन्हे शाखेच्या एका हवालदाराला कोपऱ्यात जुना पाठीवरचा पंप दिसला. पंप जुनाट, पण आतलं वॉशर कोरं करकरीत. घरात फवारणारं कुणी नाही, वावर बटईने दिलेलं. त्याने शेजारणीला विचारलं, "हा पंप दुरुस्त कोणं केला?" शेजारीण म्हणाली, एक जण सायकलवर येतो, म्हातारीने विकायच्या आधी नीट करून घेतला. मग दुसऱ्या गावात विचारलं. तिथेही तोच. आठवडी बाजारांत त्याची बसायची जागा कळली, मोबाइलचे कॉल तपशील काढले, बाजारातल्या सोनारांकडे चौकशी झाली. एका सोनाराकडे मोडीत आलेली पोत निघाली, ती पहिल्या बाईची. तोवर तिचा खून झालाय हे कुणाला माहीतच नव्हतं.

तो पकडला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी 'सिरियल किलर गजाआड' असं छापलं. त्यानंतर लगेच आमच्या कार्यालयात ठाण्याचं पत्र आलं. पंच म्हणून दोन कर्मचारी पाठवावेत. साहेबांनी विचारलं तेव्हा बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी हो म्हणाले. ताक देणाऱ्या त्या बाईचं हे प्रकरण आहे, हे मला ठाऊक होतं. दुसरे पंच पंचायत समितीतले एक लिपिक भाऊ होते. त्यांचं नाव आधी लिहिलं गेलं, म्हणून ते पंच क्रमांक एक आणि मी दोन.

ठाणेदार साहेबांनी बसवून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही ऐकायचं, बघायचं, आणि जसं घडलं तसंच लिहिलं असेल तर सही करायची. त्यापलीकडे तुमच्याकडून मला काही नको." एवढं साधं कुणी सांगतं का, मला माहीत नाही. या साहेबांनी सांगितलं आणि माझी निम्मी भीती गेली.

आरोपीला कोठडीतून आणलं. चाळिशीचा, अंगात मळका बनियन, नखांत ग्रीस. साहेबांनी आमची ओळख करून दिली, हे पंच आहेत, यांच्यासमोर तुला काही सांगायचंय का, कुणी धाकदपटशा केला का, असं विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सब्बल अन् चांदीचे कडे म्या नाल्याच्या काठी बेशरमात गाडून ठेवले. चाला, काढून देतो." हवालदाराने हे त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्याचा अंगठा आणि आमच्या सह्या घेतल्या. वेळ टाकली. याला निवेदन पंचनामा म्हणतात. पुढे जाऊन वस्तू काढली की तिचा जप्ती पंचनामा वेगळा.

गाडीत तो मागे, आम्ही मधे. रस्ता तोच सांगत होता. "डाव्या हातानं घ्या." पांदणीच्या तोंडाशी म्हणाला, "आता गाडी नाही जात." पाऊस होऊन गेलेला, काळी माती चपलेला अशी धरत होती की पाय उचलवेना. तो पुढे, दोन शिपाई त्याला धरून, आम्ही मागे. एका पळसापाशी थांबला, आजूबाजूला पाहिलं, आणि बेशरमाच्या झुडपांत वाकून हातांनीच माती उकरायला लागला. आधी खताच्या चुंगडीचं टोक दिसलं. चुंगडीत गुंडाळलेली हातभर लांब सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. चुंगडीच्या कोपऱ्याला गाठ मारलेली होती. साहेबांनी ती त्याच्याकडूनच सोडवून घेतली, आत चांदीचे दोन कडे. एका कड्याला मधे तांब्याच्या बारीक तारेचा जोड. ती तार मी ओळखली. ओट्यावर ताकाचा पेला पुढे करणाऱ्या हातात मी ती पाहिली होती.

हे मी तिथे बोलले नाही. पंचाने तिथे काय पाहिलं तेवढंच सांगायचं असतं. ओळख पटवायचं काम घरच्यांचं. पुढे तिच्या सुनेने इतर कड्यांमध्ये मिसळलेले ते दोन कडे तहसीलमध्ये ओळखून दाखवले.

हवालदार उकिडवा बसून मांडीवरच्या फळीवर लिहीत होता. सब्बलीची लांबी पट्टीने मोजली, तिच्या टोकावरचे तांबूस डाग लिहिले, कड्याच्या तारेचा जोड लिहिला. मग खाकी कागद, सुतळी, गाठीवर लाख. वाऱ्याने काडी विझत होती, म्हणून एका शिपायाने टोपीचा आडोसा केला. लाखेवर ठाण्याचा ठसा उमटला. प्रत्येक पुड्यावर आमच्या सह्यांची चिठ्ठी आतून-बाहेरून. पुडा नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाईपर्यंत ते सील तसंच राहायला हवं, नाहीतर डागाचा अहवाल कितीही बोलका असो, बचावाचा वकील विचारणार, मधे कुणी उघडला नाही कशावरून?

सही करायच्या आधी मी पूर्ण पंचनामा वाचला. त्यात 'नाल्याच्या पूर्वेस' असं लिहिलं होतं. आम्ही पश्चिमेला उभे होतो. शेतीच्या कामामुळे दिशा माझ्या अंगवळणी पडलेल्या. मी दाखवलं तर हवालदार वैतागला, "मॅडम, एका शब्दानं काय होते?" साहेबांनी मात्र खोडून दुरुस्ती करायला लावली, बाजूला दोन्ही पंचांच्या छोट्या सह्या घेतल्या. अंधार पडायला आला होता. परतताना कुणी बोललं नाही.

मधली काही वर्षं या प्रकरणातलं माझ्यापर्यंत काही आलं नाही. मग समन्स आलं. पहिल्यांदा गेले तर आरोपीला तुरुंगातून आणलंच नव्हतं. नंतर एकदा न्यायाधीश रजेवर. गावचा शेतमजूर असता तर त्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली असती. साक्षीदाराला भत्ता मिळतो, पण तो मागावा लागतो हे बहुतेकांना माहीत नसतं. मी प्रत्येक वेळी मागितला आणि सोबतच्या साक्षीदारांनाही मागायला लावला.

साक्षीच्या दिवशी सकाळी सरकारी वकील बाईंनी व्हरांड्यात मला एक गोष्ट समजावली, आणि तिथे मला माझ्या सहीचा अर्थ कळला. आरोपीने पोलिसांसमोर 'मी मारलं' असं कितीही वेळा म्हटलं तरी न्यायालय ते पुरावा म्हणून घेत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ तसं सांगतं. मारझोड करून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं, म्हणून. पण कलम २७ प्रमाणे, त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सापडण्याशी जेवढं संबंधित तेवढं त्याचं बोलणं चालतं. म्हणजे 'गाडून ठेवले, काढून देतो' हे चालेल, 'मारलं' चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमात हाच नियम कलम २३ मध्ये आहे. "आणि तो बोलला आधी, वस्तू निघाली नंतर, हे सांगणारे फक्त तुम्ही दोघं," बाई म्हणाल्या. "नुसत्या पोलिसांच्या सांगण्यावर विसंबायला कोर्ट अनेकदा कचरतं."

सरतपास लवकर झाला. पंचनाम्याला निशाणी पडली, सही माझीच असल्याचं मी सांगितलं. मुद्देमाल कारकुनाने पुडे आणले, कोर्टासमोर उघडले, सब्बल आणि कडे मी ओळखले. पिंजऱ्यात तो बसलेला, केस पांढरे झालेले.

उलटतपास लांबला. नाला सार्वजनिक आहे, तिथून कुणीही जातं-येतं, हे खरं आहे का? खरं आहे. तुम्ही सरकारी नोकर, पोलिसांना नाही म्हणू शकत नव्हता? म्हणू शकत होते. पोलिसांना जागा आधीच माहीत होती, तुम्ही ठाण्यातच सह्या केल्या? हे म्हणणं खोटं आहे. मग त्यांनी नकाशा पुढे केला आणि जागा नाल्याच्या कुठल्या बाजूला ते विचारलं. मी पश्चिमेस म्हणाले. पंचनाम्यातही पश्चिमेस. खोडाखोड कधी केली? तिथेच, सहीच्या आधी, आणि बाजूच्या सह्या आम्हा दोघांच्या. न्यायाधीशांनी कागद जवळ घेऊन पाहिला आणि टंकलेखकाला ते उत्तर नीट घ्यायला सांगितलं.

या एका टप्प्यावर केवढं उभं असतं किंवा कोसळतं, हे पाहायचं तर निठारी पाहावं. २००६ च्या २९ डिसेंबरला नोएडाच्या सेक्टर ३१ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यातून लहान मुलांच्या कवट्या आणि हाडं निघाली. सगळा देश हादरला. त्या बंगल्यातला नोकर सुरेंद्र कोली याला फाशीच्या शिक्षा झाल्या. एका खटल्यातली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायमही केली होती, पुढे ती जन्मठेपेवर आली. पण १६ ऑक्टोबर २०२३ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला बारा खटल्यांत निर्दोष सोडलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची अपिलं फेटाळली आणि ११ नोव्हेंबर २०२५ ला उरलेल्या शेवटच्या खटल्यातही तो सुटला. तेव्हा आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश होते आणि त्या खंडपीठावरही तेच होते. कारणांतलं एक मोठं कारण हेच कलम २७. आरोपीचं निवेदन धड नोंदवलेलंच नव्हतं, आणि तो तिथे आणला जाण्याआधीच पोलिसांना आणि लोकांना हाडांची जागा माहीत होती, खोदणं सुरू झालं होतं. मग 'त्याच्या सांगण्यावरून सापडलं' म्हणायचं कसं? कोर्टाने कायद्याने जे करायला हवं तेच केलं. पण त्या मुलांना कुणी मारलं, याचं उत्तर त्यांच्या आईबापांना आजही मिळालेलं नाही. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्या महाराष्ट्रातही काही गाजलेले खटले टिकले ते आतल्या माणसाच्या साक्षीचा आधार मिळाला म्हणून. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खुनांत दहा माणसं मारली गेली. जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली, कारण त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला होता. कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या खटल्यातही त्यांच्यातल्या रेणुका शिंदेचा नवरा फुटून माफीचा साक्षीदार झाला. तेरा मुलं पळवल्याच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात टिकले ते पाच खून. एकट्याने खून करणाऱ्याला साथीदारच नसतो, मग माफीचा साक्षीदार कुठून मिळणार? तिथे दोन पंच, एक डॉक्टर आणि एक प्रयोगशाळा, एवढंच असतं.

आमच्या खटल्याचा निकाल लागला. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुनासाठी जन्मठेप झाली. पहिल्या खुनातून तो निर्दोष सुटला.

तिथे शवविच्छेदन नव्हतंच. उरली होती सोनाराकडची पोत. तिच्या जप्तीचे पंच होते एक हमाल आणि एक पानठेलेवाला. दोघेही फितूर झाले. कोर्टात म्हणाले, आमच्यासमोर काही जप्त झालं नाही, पोलिसांनी लिहिलेल्या कागदावर सह्या घेतल्या. सोनारही घुटमळला. त्या दोघांवर मी रागावू शकत नाही. आरोपीचे भाऊबंद त्या बाजारात रोज वावरतात, आणि या दोघांना तिथेच पोट भरायचं आहे. आणि खरंच कुणी त्यांच्या सह्या न दाखवता घेतल्या असतील, तर मग त्यांचा दोष तो काय? राग येतो तो हे वर्षानुवर्षं असंच चालू दिलं जातं त्याचा. गरिबाला पंच करायचं, त्याला वाचून दाखवायचं नाही, तारखांना एकटं सोडायचं, आणि तो डगमगला की फितूर म्हणायचं.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता झडती-जप्तीचं ध्वनिचित्रण बंधनकारक केलंय. हे फार बरं झालं. पण चित्रण वस्तू हाती लागल्यावर सुरू करून भागणार नाही. निवेदनापासून सुरू झालं तरच आधी काय आणि नंतर काय ते कळेल. माझ्या गटाच्या गावांत मी शेतीशाळा घेते तेव्हा शेवटी दहा मिनिटं हे बोलते. नाही म्हणू नका, योग्य कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हाही आहे. पण वाचल्याशिवाय किंवा वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, वेळ आणि दिशा बघा, कोऱ्या कागदाला हात लावू नका. बाया जास्त लक्ष देऊन ऐकतात.

निकालानंतर पहिल्या बाईची लेक माझ्या कार्यालयात आली होती. कुणीतरी माझं नाव सांगितलं असावं. म्हणाली, "मॅडम, त्या दोघीचं झालं, मंग माह्या मायचं काय?" मी तिला सरकारी वकील बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं की निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारने अपील केलं नाही तरी पीडिताच्या वारसाला स्वतः करता येतं, २००९ च्या दुरुस्तीपासून तो हक्क आहे. आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. तिला हे काहीच माहीत नव्हतं. अर्ज आम्ही तिथेच बसून भरला.

अपील आता नागपूर खंडपीठात दाखल आहे. फितूर पंचांवर ते कितपत टिकेल याची तिला वकिलांनी स्पष्ट कल्पना दिलेली आहे. आरोपी तसाही जन्मठेपेत आहे, शिक्षा वाढावी असा तिचा हट्ट नाही. पोत त्या माणसाने नेली होती, भावांनी नाही, एवढं कोर्टाच्या कागदावर यावं म्हणून ती प्रत्येक तारखेला पहाटेच्या एसटीने नागपूरला जाते. मागच्या तारखेला तिचा धाकटा भाऊ सोबत गेला. मोठा अजून जात नाही.